धवलारणीचा फोन

साईनाथ दिवसभर लोकांना नको असलेले फोन करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन नको असलेल्या फोनांवर व्याख्यान द्यायचा.

ठाण्याला वागळे इस्टेटीतल्या एका ऑफिसात तो टीम लीडर होता. टीम म्हणजे कानाला हेडफोन लावून बसलेली पोरापोरींची एक रांग, आणि लीडर म्हणजे त्यांच्या पाठीमागे येरझारा घालत ‘हसून बोल, हसणं ऐकू येतं’ असं सांगणारा माणूस. कर्ज, विमा, क्रेडिट कार्ड, कर्जतच्या पुढे कुठेतरी प्लॉट, काय वाट्टेल ते. फोन उचलून दोन शब्द ऐकून घेणाऱ्या भल्या माणसाला त्यांच्यात बकरा म्हणत. हे साईनाथनेच एकदा जेवताना हसत हसत सांगितलं होतं. हौसाबाईनं हातातला भाकरीचा तुकडा तसाच ठेवून लेकाकडे नीट पाहिलं. ह्याच्या बारशाला आपण अख्ख्या आळीला जेवण घातलं होतं, हे तिला उगाचच आठवलं.

हौसाबाई ठाकुर्लीची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळद लागण्याआधी, तांदळाचा चौक पुरताना, नवरीला पाटावर बसवताना धवले गायचे असतात, आणि ते गाणारी बाई हातात तांदूळ घेऊन उभी राहिली नाही तर भटजी आला काय नि न आला काय, जुन्या माणसांच्या लेखी लग्न लागतच नाही. हौसाबाईच्या सासूनं तिला धवले दिले, सासूला तिच्या सासूनं. कागदावर एक अक्षर नाही. धवल्यात गावदेवीपासून खाडीपर्यंत सगळ्यांना हळदीला बोलवायचं, आणि शेवटी त्या घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन हाक मारायची. या बायांनो, या बाबांनो, तुमच्या पोरीला हळद लागते आहे. त्या हाकेला मांडवातली माणसं गप्प होतात. डीजेवाला पोरगासुद्धा तेवढ्यापुरता तोंडातला गुटखा चघळायचा थांबतो.

धवलारणीला बोलावण्याचीही रीत होती. बोलावणं मुलीच्या मामानं करायचं. बापानं नाही, आजोबानं नाही, मामानं. पूर्वी मामा नारळ आणि पानाचा विडा घेऊन दारात यायचा. आता मामा लोकांना वेळ नसतो, त्यामुळे मामा आधी फोन करतो, ती हो म्हणाली की मग विडा येतो. आणि मामा म्हटला की तो दुसऱ्या गावचा. त्याचा नंबर हौसाबाईच्या फोनात कुठून असणार? तिचा नंबर मात्र टिटवाळ्यापासून दिव्यापर्यंत तोंडोतोंडी फिरलेला. म्हणून अनोळखी नंबर वाजला की ती हातातलं काम टाकून उचलायची.

आता अनोळखी नंबरावरून फक्त मामाच फोन करतो असं थोडंच आहे. मामाच्या मागोमाग साईनाथच्या धंद्यातल्या पोरीही यायच्या. हौसाबाई त्यांनाही तेवढ्याच मानानं घ्यायची. बोल गो पोरी, म्हणायची. एकदा परभणीकडची एक मुलगी क्रेडिट कार्ड विकायला आली ती शेवटी कार्ड विसरली आणि आईच्या दम्याचं सांगत बसली. हौसाबाईनं तिला अडुळशाचा काढा कसा करायचा ते समजावलं, लग्न ठरलं की कळव म्हणाली, आणि समाधानानं फोन ठेवला. साईनाथ दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जणू आईला त्यानं रस्त्यात भीक मागताना पाहिलं.

असल्या लोकांशी बोलायचं नसतं, एकदा उचलला की नंबर दहा ठिकाणी विकला जातो, उद्या कोणी खातं साफ करील, असं बरंच काही त्यानं सांगितलं. त्यातलं बरंचसं खरंही होतं. चोरांचे रस्ते त्याला ठाऊक असायचेच. मग त्यानं आईचा फोन घेतला, अंगठ्यानं इकडून तिकडं काही केलं आणि परत दिला. फालतू फोन बंद केले, म्हणाला. हौसाबाई वालाच्या शेंगा सोलत होती. बरं केलंस, म्हणाली. तिला वाटलं, फालतू फोन बंद केले म्हणजे फालतू फोन बंद केले. फोनात नाव नसलेलं जगातलं प्रत्येक माणूस लेकानं फालतूत टाकलं, हे तिला कोण सांगणार?

तुळशीचं लग्न झालं. लग्नांचा हंगाम सुरू झाला. फोन गप्प.

मुलीचा यायचा, सुनेचा यायचा, गॅसवाल्याचा यायचा. मामाचा एकाचाही नाही. आधी हौसाबाईला वाटलं, यंदा मुहूर्त उशिरा असतील. पण संध्याकाळी गच्चीत कपडे काढायला गेली की चारी बाजूंनी हळदीचे डीजे ऐकू यायचे. मग तिला वाटलं, लोकांना आता धवलारीण नकोच आहे. असं वाटायला लागल्यावर तिनं लोकांना जे तुच्छ लेखायला सुरुवात केली त्यातून कोणीच सुटलं नाही. नवऱ्या सुटल्या नाहीत, ज्या हळदीला पिवळे गॉगल घालून नाचत येतात. वरबाप सुटले नाहीत, ज्यांना बॅनरवर स्वतःचा फोटो गणपतीपेक्षा मोठा लागतो. आणि मोहने गावची दर्शना तर मुळीच सुटली नाही.

ही दर्शना काही वर्षं हौसाबाईच्या मागे बसून ओळ झेलायची. धवला एकटीनं होत नाही. पुढची ओळ टाकते, मागची झेलते. पोरीचा गळा बरा होता, हौसाबाईनंच तिला धरून ठेवली होती. मग तिचं लग्न झालं, हातात बिनवायरचा माईक आला. यंदाच्या हंगामात संचितानं, म्हणजे साईनाथच्या बायकोनं, फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कोळसेवाडीच्या एका घरची हळद. त्या घरात हौसाबाईनं तीन पिढ्यांच्या हळदी गायल्या होत्या. मांडवात दर्शना माईक धरून उभी, बाजूला चाकांवरचा स्पीकर, त्यात निळे-जांभळे दिवे उघडझाप करताहेत.

“ही मेलेल्यांना बोलवते का पलवते?” हौसाबाई म्हणाली. संचितानं हसू दाबून फोन खाली केला.

हे सगळं तिनं गिळलं असतं. पण मग सान्वीची पत्रिका आली. तीही संचिताच्याच फोनवर, गाण्यासकट.

सान्वी म्हणजे मोहन्याच्या धाकूची नात. आणि धाकूची बायको चांगुणा म्हणजे हौसाबाईची मैत्रीण. दोघी लग्नाआधी एकाच गावच्या, एकाच मिठागरावर डोक्यावरून पाट्या वाहिलेल्या. चांगुणा गेल्या पावसाळ्यात गेली. अंथरुणाला खिळली होती तेव्हा हौसाबाई तिला भेटायला जायची, आणि चांगुणा तिला दर वेळी एकच बजावायची: नातीच्या हलदीत मना हाक मारशील ती तू मारायची, दुसऱ्या कुनी मारली त मी यायची नाय. हौसाबाईही दर वेळी म्हणायची, तू मेल्यावर तरी जरा हट्ट सोड. आणि शब्द द्यायची.

आता पत्रिकेत हळद शुक्रवारी, आणि मामाचा फोन नाही.

संचिता म्हणाली, आई, तुमच्याकडे धाकूआजोबांचा नंबर आहे, करा ना सरळ. हौसाबाईनं तिला वेड्यात काढलं. धवलारीण स्वतःहून विचारत नाही. बोलवा मला म्हणून विचारत गेलेली बाई धवलारीण नसते, ती वाजंत्री. आणि धाकूला माहीत नव्हतं का चांगुणाचं बोलणं? तो शेजारीच बसून बिडी ओढत ऐकत होता. त्याला नको असेल तर नको. रेयॉनची कंपनी बंद पडल्यापासून त्या माणसाचं डोकं तसंही चालत नव्हतं, असं तिनं ठरवूनच टाकलं. तसं आधी कधी तिला वाटलेलं नव्हतं.

गुरुवारी साईनाथ संध्याकाळी घरात शिरला तो ओरडतच. त्याचा फोन सकाळीच ऑफिसच्या बाथरूममध्ये पाण्यात पडला होता. घरी पाण्याचा फिल्टर बसवायला माणूस यायचा होता, त्याला वर घे हे सांगायला त्यानं ऑफिसच्या फोनवरून आईला फोन केला. बिझी. मग शेजारच्या टेबलवरच्या मुलीच्या फोनवरून केला. बिझी. खाली चहावाल्याच्या फोनवरून केला. बिझी. फिल्टरवाला खाली उभा राहून करत होता, त्यालाही बिझी. तो शिव्या घालून निघून गेला. दिवसभर कुणाशी बोलत बसली होतीस, पुन्हा त्या पोरी सुरू झाल्या का, असं तो विचारत होता.

हौसाबाई म्हणाली, माझा फोन आज वाजलाच नाही.

“नाही कसा वाजला? मी स्वतः केला.”

संचिता ओट्यापाशी बोंबील साफ करत होती. तिनं हात धुतले, पुसले, आणि सासूचा फोन घेऊन थोडा वेळ त्यात पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाच्या वेळी तिच्या घरच्यांना सांगितलं होतं की मुलगा फोनच्या लाइनमध्ये आहे, फार हुशार आहे. ते सगळं तिच्या त्या बघण्यात होतं.

“अहो, तुम्हीच फालतू झालात,” ती म्हणाली. “नाव सेव्ह नसलेला एकही फोन आईंना लागत नाही. तुम्हीच केलंय हे.”

साईनाथनं सांगायला सुरुवात केली की हे सिक्युरिटीसाठी असतं, सगळे एक्सपर्ट हेच सांगतात. पण हौसाबाईचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. गच्चीतून ऐकलेल्या सगळ्या हळदी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. कोळसेवाडीवाल्यांना आपण काय काय म्हणालो. धाकूला काय म्हणालो.

“म्हंजे मामा फोन करून गेला असंल,” ती म्हणाली.

मामा फोन करून गेला होता. एकदा नव्हे. अडवलेले फोन सगळे फोनातच एका बाजूला पडून होते, आणि संचितानं ते सासूला वाचून दाखवले तेव्हा त्यात कर्जवाले होतेच, पण तेच तेच नंबर पुन्हा पुन्हा आलेलेही होते. कर्जवाला असा पुन्हा पुन्हा येत नाही, त्याला यादीतला पुढचा बकरा असतो. हे खुद्द साईनाथच बोलून गेला. त्यातल्या एका नंबरापुढे फोननं आपणहून नाव दाखवलं होतं: दौलत, कोनगाव. सान्वीचा मामा.

साईनाथनं जुना फोन कपाटातून काढला, त्यात आपलं सिम घातलं आणि मोठ्या रुबाबात दौलतमामाला फोन लावला. समोरून कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा नुसती बिझीची पिपाणी.

“ब्लॉक केलं वाटतं,” संचिता म्हणाली. “तुमचा नंबर लोकांच्या फोनात लाल येतो. खाली लिहिलेलं असतं, लोनवाला, उचलू नका. माझ्या दादाच्या फोनातपण तसाच येतो. मी कधी बोलले नाही.”

हे ऐकून हौसाबाईला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून बरं वाटलं. देव आहे, तिला वाटलं, आणि त्याच्याकडेही फोन आहे.

साईनाथनं बायकोला तिच्या फोनवरून लावायला सांगितलं. तिनं पुन्हा बोंबील हातात घेतले. तुम्ही बंद केलंत, तुम्ही उघडा, म्हणाली. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं छताच्या पंख्याकडे पाहिलं. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून, पिशवीत नारळ घेऊन तो मोटारसायकलवरून मोहन्याला निघाला. जाताना हौसाबाईनं एवढंच सांगितलं की माझ्यासाठी काही मागू नकोस. मी फोन कापला नाही, तू कापलास, एवढं सांग आणि ये.

तो गेल्यावर तिला काही सुचेना. तिनं तांदूळ निवडले, निवडलेले पुन्हा निवडले. लेकाला ती कितीही नावं ठेवत असली तरी धाकूच्या मांडवात त्याची काय दशा होईल ते तिला दिसत होतं, आणि ते बघायला आपण तिथं नाही याचं तिला वाईट वाटत होतं की बरं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तो दुपारी आला तो कान पाडून. मांडवात काय झालं ते त्यानं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. पाणी कोणी विचारलं नाही. दौलतमामा म्हणाला, तुझी आये मोठी झाली, माझ्यासारख्याचा फोन कापते. धाकू खुर्चीत बसून होता, त्यानं तोंडच फिरवलं. माझी बायको त्या बाईच्या नावानं डोळे मिटून गेली, असं तो शेजारच्याला सांगत होता, साईनाथला ऐकू जाईल असं. मग साईनाथनं खरं काय ते सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. तू असं का केलंस, असं दौलतनं विचारलं. अनोळखी लोक त्रास देतात म्हणून, तो म्हणाला. कोण अनोळखी? कर्जवाले. आणि तू काय करतोस? इथे साईनाथला मांडवात सगळ्यांसमोर आपण काय करतो ते सांगावं लागलं. मग जे हसू उठलं त्यात, त्याच्याच शब्दांत, मंडपवाला, कॅटरर, झेंडूवाली, सगळे हसले. धाकूसुद्धा. हसता हसता म्हातारा रडायला लागला, आणि मग कोणीतरी साईनाथला पाणी दिलं.

“पन विडा गेला,” हौसाबाई म्हणाली. तिनं विचारलं नाही, सांगितलं.

विडा गेला होता. दर्शनाला. आणि दिलेला विडा परत मागत नाहीत. ती रीत तिनं स्वतः कधी मोडू दिली नव्हती, आणि आज दुसऱ्या कोणी मोडली असती तरी तिनं ती मोडल्याबद्दल त्याला तुच्छच लेखलं असतं.

ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन उभी राहिली. पुढच्या हळदीला गाईन, तिच्या मनात आलं. पण चांगुणाची नात पुढच्या हळदीला पाटावर नसणार. दिलेला शब्द आज संध्याकाळचा होता.

बाहेर फोन वाजला. साईनाथनं कालच सगळं उघडं करून ठेवलं होतं. बाहेर येऊन तिनं पाहिलं, तर अनोळखी नंबर, आणि साईनाथचा अंगठा सवयीनं लाल बटणाकडे निघालेला. तिनं त्याच्या मनगटावर चापट मारली.

“कोन?”

“काकी, मी दर्शना.”

हौसाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

दर्शना भराभरा बोलत होती. नवऱ्यानं नवीन सिम घेऊन दिलं तेव्हापासून हा नंबर. दौलतमामा विडा घेऊन आला त्या दिवशी तिनं याच नंबरावरून काकींना फोन केला होता, घेऊ का म्हणून विचारायला. बिझी. कोळसेवाडीच्या वेळीही केला होता. आधी वाटलं काकी रागावल्या, मग वाटलं काकींना आता आपल्याशी बोलायचंच नाही. आता साईनाथदादा मांडवात येऊन गेल्यावर कळलं.

“म्हंजे तू इचारलं होतंस,” हौसाबाई म्हणाली.

“दोन्ही येलेला.”

मग दर्शनाचा आवाज खाली आला. माझ्या मागं झेलायला येता का, ती म्हणाली. विडा माझ्याकडे आहे, तर मागं कोणाला बसवायचं ते मी सांगणार, त्याला मामाची परवानगी लागत नाही. आणि चांगुणाआजीचं नाव यायच्या आधी मी थांबेन.

साईनाथ आणि संचिता हौसाबाईच्या तोंडाकडे बघत होते. जिला आपण मांडी घालून कसं बसायचं तेही शिकवलं, तिच्या पाठीमागे बसून आता ओळ झेलायची. आळीतल्या बाया काय म्हणतील ते तिला आत्ताच ऐकू येत होतं, कारण त्यांच्या जागी ती असती तर तिनंही तेच म्हटलं असतं.

“तो दिव्यांचा डबा बंद ठेवशील त येतंय,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मोहन्याच्या मांडवात तो डबा कोपऱ्यात चादर टाकून ठेवला होता. दर्शना पुढे बसली, हौसाबाई तिच्या मागे डाव्या हाताला. धाकूनं दुरूनच मान हलवली, तिनंही. त्यापुढे दोघांनाही काही झेपलं नसतं. सान्वी पाटावर होती, आणि तिनं गॉगल घातला नव्हता, एवढं हौसाबाईनं तिच्या बाजूला जमा केलं. दर्शना ओळी टाकत गेली, हौसाबाई झेलत गेली. दोन ठिकाणी दर्शनानं चाल उगाच वर नेली, सिनेमात नेतात तशी. हौसाबाईनं दोन्ही वेळा ती निमूट खाली आणून ठेवली. गावदेवी आली, खाडी आली, धाकूचे आईबाप आले. मग दर्शना थांबली.

हौसाबाईनं मुठीतले तांदूळ सोडले आणि एकटीनं हाक मारली. चांगुणा, ये गो, तुझ्या पोरीला हलद लागते. आवाज मध्येच फाटला, पण हाक पुरी झाली. मांडव गप्प होता.

त्या शांततेत तिच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजायला लागला. मोठा, खणखणीत, साईनाथनंच वाढवून ठेवलेल्या आवाजात. माणसं चपापली, दौलतमामानं कपाळावर हात मारला. हौसाबाईनं फोन काढून पाहिला. अनोळखी नंबर. मागं न बघता तिनं तो खांबाशी उभ्या असलेल्या लेकाच्या हातात दिला.

“मामा असंल त तारीख इचार,” ती म्हणाली. “तुमच्यातली पोरगी असंल त बाहेर जाऊन बोल. आन् कापू नको, ती जेवली काय ते इचार.”

साईनाथ फोन कानाला लावून मांडवाबाहेर गेला. दर्शनानं पुढची ओळ टाकली.